नट सोडण्याआधी: पिकअपच्या पुढच्या शॉकचं काम

पुढचं चाक काढून आत वर पाहिलं, की अलीकडच्या बऱ्याच पिकअपमध्ये शॉक आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग असा एकच जोड दिसतो. त्याच्या डोक्यावर, चॅसिसच्या कपात, साधारणपणे तीन नट गोलात असतात आणि त्यांच्या मधोमध आणखी एक. कडेचे तीन सोडले आणि खालचा बोल्ट काढला, की अख्खा जोड हातात येतो. मधला सोडला तर दाबून बसवलेली स्प्रिंग सुटते, आणि सुटताना समोर पाना असो, मनगट असो की जबडा, तिला फरक पडत नाही. चारही नट सारखेच गंजलेले, चिखलानं माखलेले असतात. मडगार्डखालच्या अंधारात ते वेगळे ओळखू येतीलच असं नाही.

पुढच्या सस्पेन्शनचं काम तसं अवघड नाही. पाने ओळखीचे, नट-बोल्ट मोजके, सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात. धोका असतो तो साठवलेल्या जोराचा. एक जोर गाडीच्या वजनाचा, दुसरा दाबलेल्या किंवा पिळलेल्या स्प्रिंगचा आणि तिसरा, ज्याच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, तो शॉकमध्ये भरलेल्या वायूचा. रिकाम्या पिकअपचं वजन दीड ते पावणेदोन टनांच्या घरात असतं. इंजिन आणि केबिन पुढे असल्यानं त्यातला निम्म्याहून अधिक भार पुढच्या चाकांवर येतो. म्हणजे गाडी नुसती दारात उभी असली, तरी पुढच्या एकेका स्प्रिंगवर चारशे किलोंच्या आसपास वजन बसलेलं असतं. म्हणून प्रत्येक नटाला पाना लावण्याआधी स्वतःला विचारायचं: हा नट काय अडवून धरतोय? उत्तर देता आलं नाही, तर तो नट त्या दिवशी सोडायचा नाही.

नारायणगावचा टोमॅटो, लासलगावचा कांदा किंवा रत्नागिरीचा आंबा वाशीपर्यंत पोचवणाऱ्या पिकअपांचा मालक बहुधा स्वतःच ड्रायव्हर असतो आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच मिस्त्री. गाडी उभी राहिली की भाडं बुडतं, म्हणून काम घाईत निघतं: अंगणात, एका जॅकवर, उजेड जायच्या आत. स्वतः काम करण्याला माझा अजिबात विरोध नाही. शॉक बदलणं हे मालकानं शिकून घ्यावं असंच काम आहे. फक्त कुठलं काम आपलं आणि कुठलं गॅरेजचं, ही रेघ आधी आखलेली असावी.

खाली वाकून बघा

आपल्या गाडीची पुढची रचना कोणती, हे ठरल्याशिवाय पेटी उघडू नका. मोटामोटी चार प्रकार भेटतात. पहिला जुना आणि दणकट: एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत सलग ॲक्सल, त्याला यू-बोल्टनी बांधलेले पाटे आणि शेजारी वेगळा शॉक. दुसऱ्यात प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म असतात, कॉइल स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते आणि शॉक वेगळ्या ठिकाणी किंवा त्या स्प्रिंगच्या पोटातून जातो. तिसऱ्यात स्प्रिंग शॉकच्याच अंगावर चढवलेली असते. आयसुझू डी-मॅक्स आणि टोयोटा हायलक्स यांना पुढे दोन आर्म आणि कॉइल असतात, मागे पाटे. चौथ्या प्रकारात कॉइल दिसतच नाही. आर्मपासून मागे, चॅसिसला समांतर जाणारा एक लांब पोलादी दांडा असतो. त्याला टॉर्शन बार म्हणतात. तो पिळला जातो आणि पिळाच्या जोरावर गाडी तोलून धरतो.

एकाच नावाच्या गाडीच्या दोन मॉडेलांत किंवा दोन वर्षांत पुढची रचना बदललेली असू शकते. त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीवर पाहिलेलं काम आपल्या गाडीवर जसंच्या तसं करू नये.

रचना ओळखायचं खरं कारण वेगळंच आहे. गाडी चॅसिसवर उचलली की चाक खाली लोंबतं. ते कुठवर लोंबेल, हे काही रचनांमध्ये शॉकच ठरवतो. तो पूर्ण ताणला गेला की आर्म थांबतो. आता तोच शॉक काढला, की आर्मला अडवणारं काही उरत नाही आणि वरची कॉइल त्याला खाली ढकलून बाहेर उडू शकते. गाडी हवेत आहे म्हणजे स्प्रिंग सैल झाली असेल, हा समज इथे फसवतो. स्प्रिंग लांब होते, पण सैल होत नाही. टॉर्शन बारचंही तेच. चाक लोंबत असलं तरी दांड्यात पीळ शिल्लक असतो.

शॉकच गेलाय का?

स्प्रिंग वजन पेलते. शॉक वजन पेलत नाही. स्प्रिंगची उसळी तेल बारीक झडपांतून ढकलून तो जिरवतो, आणि त्या उसळीची उष्णता होते. हे लक्षात ठेवलं तर निम्मी चुकीची खरेदी टळते. गाडी पुढून खाली बसली असेल, तर नवे शॉक घालून ती वर येणार नाही. तिथे पाटा, कॉइल किंवा टॉर्शन बार तपासायला हवा.

बॉनेटवर जोर देऊन गाडी किती वेळा हेलकावते ते मोजायची जुनी पद्धत पाट्याच्या पिकअपला फारशी लागू पडत नाही. पाटे एकमेकांवर घासतात आणि ते घर्षणच हेलकावा मारतं. शॉक पार गेला असला तरी गाडी शहाण्यासारखी वागते. त्यापेक्षा टायरवर तळवा फिरवा. रबर ठरावीक अंतरावर खोलगट झालं असेल, तर चाक रस्त्यावर नाचतंय. ब्रेक मारल्यावर नाक जास्त खाली जातं का, वळणावर खड्डा आला की पुढचा भाग बाजूला सरकतो का, हेही पाहा. शॉकच्या अंगावर तेलाचा पुसट थर असेल तर लगेच घाबरायचं कारण नाही, पण तेलाचे ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली की त्याचं आयुष्य संपलं समजा.

आणखी एक युक्ती जुने मिस्त्री वापरतात आणि ती पक्क्या तर्काची आहे. खराब रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवा, थांबवा आणि दोन्ही पुढच्या शॉकजवळ हात न्या. काम करणारा शॉक उष्णता करतो, म्हणून तो गरम असतो. एक गरम आणि दुसरा गार लागला, तर गार असलेला नुसता लोंबतोय. हात आधी जवळ न्या, मग टेकवा, कारण चांगला शॉक चटका बसण्याइतका तापू शकतो. आणि बदलायचे ते जोडीनंच. एका बाजूला नवा, दुसरीकडे जुना, असं केलं तर जोरात ब्रेक मारताना किंवा खड्ड्यातून जाताना गाडीच्या दोन बाजू वेगवेगळं वागतात.

उचलायची वेळ आलीच तर

शॉक बदलायला गाडी उचलावीच लागते असं नाही. पाट्याच्या पुढच्या ॲक्सलला तर सहसा लागत नाही. पिकअपची उंची पुरेशी असते. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलं, की शॉकचे वरचे-खालचे बोल्ट हाताशी येतात. चारही चाकं जमिनीवर असताना ॲक्सल जागेवर असतो, पाट्यावर गाडीचं वजन असतं आणि शॉकच्या बोल्टवर फक्त शॉक असतो. कॉइल वेगळी असलेल्या काही गाड्यांतही चाक जमिनीवर ठेवूनच शॉक काढता येतो. कंपनीची दुरुस्ती-पुस्तिका तसं सांगत असेल तर तोच मार्ग घ्या. उचललेलीच नाही ती गाडी अंगावर पडत नाही.

उचलणं भागच असेल, तर जागेपासून सुरुवात करा. सपाट काँक्रीट सगळ्यात बरं. पावसाळ्यातली काळी माती वरून सुकलेली दिसते आणि जॅकच्या बुडाखाली हळूहळू बसत जाते. अंगणातली शहाबादी फरशी खालून पोकळ असेल तर तडकते. उन्हाळ्यात दुपारी डांबरही मऊ होतं आणि स्टँडचे पाय त्यात रुततात. अशा ठिकाणी जॅकखाली आणि स्टँडखालीही जाड, सलग फळी किंवा लोखंडी प्लेट घाला. उतारावर हे काम करूच नका. घाटात शॉकचा बोल्ट तुटला असेल, तर लोंबणारा शॉक तारेनं आवळून बांधा आणि सावकाश सपाटीवर या.

हौद्यातला माल उतरवा. काम पुढे आहे, माल मागे, मग काय बिघडलं, असं वाटतं. पण क्रेट सरकले की गाडीचा तोल सरकतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. चाकाचे नट आणि शॉकचे घट्ट बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच पाव फेरा ढिले करून ठेवा, काढू नका. लांब पाइप लावून पाना ओढण्याची ताकदीची कामं स्टँडवरच्या गाडीखाली करायची नसतात. तो झटका गाडीलाही बसतो.

जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. हायड्रॉलिक जॅकचं एक सील गेलं, की तेल परत फिरतं आणि गाडी खाली येते, कधी हळू, कधी क्षणात. गाडीबरोबर मिळालेला जॅक चाक बदलण्यापुरताच आहे. चॅसिसच्या भक्कम भागाखाली, पुस्तिकेत दाखवलेल्या जागी, दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड लावा आणि गाडीचं वजन त्यांच्यावर उतरवा. विटा, पोकळ सिमेंट ब्लॉक किंवा कोकणात हाताशी असतो तो जांभ्याचा चिरा यांतलं काहीही चालणार नाही. अशा वस्तू पसरलेलं वजन पेलतात. चॅसिसची अरुंद कड त्यांच्यावर एका जागी टेकली की त्या आधी न कुरकुरता फुटतात. एकावर एक रचलेल्या लाकडी ठोकळ्यांबद्दलही माझं मत फार चांगलं नाही. ते फुटत नाहीत, घसरतात.

स्टँड घेताना त्यावर लिहिलेला भार एका स्टँडचा आहे की जोडीचा, ते दुकानातच विचारा. दोन्ही पद्धतींनी लिहिलेलं असतं. दातेरी खांबाचा स्टँड असेल, तर प्रत्येक वेळी खटका दातात पूर्ण बसला का ते डोळ्यांनी बघा. २०२० साली अमेरिकेत हार्बर फ्रेट या दुकानसाखळीनं आपले लाखो स्टँड परत मागवले होते, कारण हा खटका दातात नीट न बसता निसटण्याचा धोका होता. आरपार पिन घालायचा स्टँड दिसायला साधा असतो, पण त्यात फसवणुकीला जागा कमी.

गाडी स्टँडवर आली की खाली शिरण्याआधी तिला बाजूनं धक्का द्या. नुसता हात लावून नाही, अंगाचा जोर लावून. हलली तर परत उचला, परत लावा. ती पडायचीच असेल तर तुम्ही बाहेर असताना पडू दे. काढलेलं चाक आडवं करून चॅसिसखाली सरकवा. सगळं फसलं तरी गाडी चाकावर थांबेल आणि खाली तेवढी जागा उरेल. जॅकही काढून टाकू नका, चॅसिसला हलका टेकवून ठेवा. घरात कुणी नसताना हे काम नको. दुसरा माणूस मदतीला नसला तरी चालेल, हाकेच्या अंतरावर असला पाहिजे. लहान मुलांना मात्र लांब ठेवा, गाडीत बसायला तर बिलकूल देऊ नका.

डोळ्यांना चष्मा लावा. खालून वर बघत हातोडा मारला की गंजाचे पापुद्रे थेट डोळ्यांत येतात. ब्रेकच्या आसपासची धूळ तोंडानं किंवा हवेच्या पाइपनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

कुठला नट काय धरतोय

पाट्याच्या गाडीतला शॉक सगळ्यात सोपा. वर एक बोल्ट, खाली एक बोल्ट, दोन्हीकडे रबरी बुश. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं की सकाळी निम्मी मारामारी वाचते. समुद्रकाठच्या गाड्यांना तर हे लागतंच. बोल्ट हटेना म्हणून गॅसची ज्योत लावायचा मोह आवरा. शेजारी रबर आहे, तेल आहे आणि बंद नळीत दाबाखालचा वायू आहे. नट कापून टाका, नवा बोल्ट फार महाग नसतो.

खुद्द पाट्यांना हात लावणं ही मात्र निराळी गोष्ट. यू-बोल्ट सोडण्याआधी चॅसिस स्टँडवर आणि ॲक्सल वेगळ्या जॅकवर हवा, म्हणजे दोघांमधला ताण तुमच्या ताब्यात राहतो. पाट्यांचा जुडगा मधल्या बोल्टनं बांधलेला असतो आणि प्रत्येक पाट्याचा बाक मुद्दाम थोडा वेगळा ठेवलेला असतो, त्यामुळे ते एकमेकांवर ताणून बसलेले असतात. तो बोल्ट सरळ काढला तर पाटे फाकतात. बोल्टच्या दोन्ही बाजूंना भक्कम क्लॅम्प आवळा, बोल्ट काढा, मग क्लॅम्प थोडे-थोडे सोडत जा. हे सगळं वाचून दमायला झालं असेल, तर पाटे काढून पाटेवाल्याकडे नेणं हाच शहाणपणा. यू-बोल्ट एकदा सोडले की परत तेच लावू नका. ते आवळताना ताणले जातात आणि दुसऱ्यांदा तशी पकड देत नाहीत.

खालच्या आर्मवर कॉइल असलेल्या रचनेत चॅसिस स्टँडवर घेतल्यानंतर दुसरा जॅक खालच्या आर्मखाली, चाकाकडच्या टोकाला, बॉल जॉइंटच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जाऊन लावा. आर्म किंचित वर उचलला जाईपर्यंत पंप मारा. आता स्प्रिंगचा जोर जॅकवर आहे, शॉकवर नाही, आणि शॉक काढता येतो. नवा बसून त्याचे बोल्ट पक्के होईपर्यंत तो जॅक कुणीही हलवायचा नाही. चाकांवर सरकणारा ट्रॉली जॅक असेल, तर तो हलणार नाही याची खात्री करा. याच रचनेतला बॉल जॉइंट बदलायचा झाला तर लक्षात घ्या, की त्याचा एकटा नट अख्ख्या स्प्रिंगला अडवून धरतोय. आर्मखाली जॅक नसताना तो काढणं म्हणजे चारशे किलोंचा दरवाजा उघडणं. जॅक असतानाही नट पूर्ण काढू नका, चार-पाच आटे शिल्लक ठेवा. मग ज्या घरात जॉइंटची निमुळती दांडी बसते, त्याच्या कडेवर हातोडा मारा. दांडी सुटून खाली येते, पण नटावर अडते. दांडीच्या टोकावर हातोडा मारला तर फक्त आटे खराब होतात.

ब्रेकचा कॅलिपर काढावा लागला तर तो होजवर लोंबकळत सोडू नका. तारेनं चॅसिसला टांगा. एबीएसची वायर असेल तर तिची क्लिप आधी सोडवा, ती ताणली गेली तर दिसत नाही पण तुटते.

शॉकवर चढवलेल्या स्प्रिंगचा जोड गाडीतून काढणं घरी जमतं. कडेचे नट, खालचा बोल्ट आणि बऱ्याच गाड्यांत वरचा बॉल जॉइंट किंवा अँटी-रोल बारची लिंक. काम सुरू करण्याआधीच मधल्या नटावर रंगाची खूण करून ठेवा, ‘याला हात नाही’ एवढ्याच अर्थाची. यापुढे जुन्या शॉकवरून स्प्रिंग उतरवून नव्यावर चढवणं, हे माझ्या मते घरचं काम नाही. दोन हुकांचे हाती कंप्रेसर बाजारात मिळतात. ते समोरासमोर लावायचे, जमेल तितकी वेटोळी पकडायची, आळीपाळीनं थोडे-थोडे फिरवायचे, बंदुकीनं म्हणजे न्यूमॅटिक गननं कधीच नाही. हे सगळं पाळूनही पिकअपच्या जाड तारेच्या स्प्रिंगवर हुक घसरू शकतो. जोड काढा, स्कूटरवर टाका आणि ज्या गॅरेजमध्ये स्प्रिंग दाबायचं स्थिर प्रेस आहे तिथे न्या. बदलण्याची मजुरी दवाखान्याच्या बिलापुढे काहीच नसते. आणि तिथला पोरगा दोरखंडानं किंवा साखळीनं स्प्रिंग बांधून नट उघडायला निघाला, तर जोड उचलून दुसऱ्या गॅरेजमध्ये जा.

टॉर्शन बारच्या गाडीत शॉक बदलायला बारला हात लावावा लागत नाही, आणि लावूही नये. आर्मखाली जॅक मात्र इथेही हवा. बार काढायची वेळ आलीच, तर ताण देणाऱ्या बोल्टचे किती आटे बाहेर आहेत ते पट्टीनं मोजून लिहून ठेवा, बार आणि त्याच्या घरावर रंगाची रेघ मारा. डावा आणि उजवा बार एकसारखे दिसले तरी अदलाबदल चालत नाही. त्यांना पीळ ठरावीक दिशेनं पेलायला घडवलेलं असतं.

नवा शॉक आणि आवळणं

आजचे बहुतेक शॉक वायूचे असतात. तेलाबरोबर नायट्रोजन दाबानं भरलेला असतो, म्हणजे तेलात फेस होत नाही. यातल्या एकनळी वायूच्या शॉकची कल्पना फ्रेंच अभियंता ख्रिस्तियान दे कार्बों यांच्यामुळे १९५०च्या दशकात बाजारात आली. दुहेरी नळीच्या शॉकमध्ये हा दाब थोडा असतो, एका नळीच्या शॉकमध्ये हवेच्या दाबाच्या वीस पटींहून अधिक. म्हणून नव्या शॉकची दांडी पट्टीनं दाबून बांधलेली येते आणि पट्टी कापली की आपोआप बाहेर येत राहते. तोंड बाजूला ठेवून, एक टोक बसवल्यावरच ती कापा.

दुहेरी नळीचा शॉक दुकानात आडवा पडलेला असतो, त्यामुळे आतल्या नळीत हवा किंवा वायू शिरलेला असू शकतो. गाडीत जसा बसणार तसा उभा धरून पूर्ण ताणा, पूर्ण दाबा, असं चार-पाच वेळा करा. झटका जाऊन हालचाल एकसारखी लागली की तो तयार. दांडीला पक्कड लावू नका. तिच्यावर एक ओरखडा पडला तरी तेलाचं सील महिन्या-दोन महिन्यांत जातं.

आता जी गोष्ट चांगले हातही विसरतात, ती. रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. आर्मचा किंवा शॉकचा बुश आवळला, की त्याची आतली नळी त्या कोनात पकडली जाते. चाक लोंबत असताना आवळलात आणि गाडी खाली उतरवली, तर रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं. गाडी थोडी वर उभी राहते, कडक लागते आणि काही महिन्यांत बुश फाटतो. मग दोष नव्या मालाला दिला जातो. बोल्ट हातानं बसवा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-तीनदा हेलकावे द्या आणि मग शेवटचा आवळा द्या.

किती आवळायचं, ते पुस्तिकेत असतं. कुठे न्यूटन-मीटर, कुठे किलो-मीटर लिहिलेलं दिसेल. दहा न्यूटन-मीटर म्हणजे जवळपास एक किलो-मीटर, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. टॉर्क रेंच भाड्यानं किंवा मित्राकडून मिळत असेल तर या कामाला नक्की आणा. खाचांचा नट आणि कॉटर पिन असलेल्या जागी ठरलेला आवळा दिल्यावर खाच आणि भोक जुळत नसेल, तर नट थोडा पुढे न्या. जुळवण्यासाठी मागे सोडायचा नाही. पिन प्रत्येक वेळी नवी घाला.

चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमानं आवळा. गाडी सोडण्याआधी ब्रेक पेडल दोन-चारदा दाबा. कॅलिपर हलवला असेल, तर पहिल्या दाबाला पेडल खाली जाऊ शकतं आणि हे अंगणात कळलेलं बरं. पहिली फेरी रिकाम्या गाडीची, गावातल्याच रस्त्यावर. टकटक आवाज आला तर बहुधा शॉकचा वरचा नट किंवा अँटी-रोल बारची लिंक सैल आहे. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा तपासा, आणि यू-बोल्ट बदलले असतील तर माल भरून काही फेऱ्या झाल्यावर तेही.

नुसता शॉक बदलला, दोन बोल्टचा, तर व्हील अलाइनमेंट बिघडत नाही. आर्म, बॉल जॉइंट, स्प्रिंगचा जोड किंवा टॉर्शन बार यांतलं काही हललं असेल, तर अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर पुढचे टायर त्याची किंमत वसूल करतात.

नवे शॉक टाकताना बरेच जण हौसेनं पुढे एखादा पाटा वाढवतात किंवा कॉइलखाली ठोकळा घालून नाक वर आणतात. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ नुसार गाडीत निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करायला मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब जुळत नाही. नाक वर गेलं की शॉक आधीच ताणलेल्या अवस्थेत काम करतो आणि प्रत्येक खड्ड्यात त्याची दांडी शेवटाला जाऊन आदळते. बॉल जॉइंटचा कोन वाढतो. महिन्याभरापूर्वी घातलेला शॉक गळायला लागला, की पुन्हा त्याच गाडीखाली जावं लागतं.

जुने शॉक भंगारात देताना त्यात वायू आहे हे भंगारवाल्याला सांगा. ते कापायचे नाहीत, भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करून त्यांची खुंटी किंवा गेटची दांडी बनवायची नाही. शेकोटीत तर चुकूनही टाकू नका. देईपर्यंत ते मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी, उन्हापासून दूर ठेवा.